अडीच फुटांचे खोटे

मी एक जुना ड्रम आहे, मित्रांनो. वाजवायचा नव्हे आणि पाणी साठवायचाही नव्हे. वॉशिंग मशीनच्या पोटात कपडे घेऊन जो गरगर फिरतो, तो. गेली सात वर्षे मात्र माझ्या पोटात लाकडे जळत आहेत. उमेदीची एकोणीस वर्षे पाण्यात आणि फेसात काढलेल्याने म्हातारपणी पेट घ्यावा, हे जरा विचित्रच आहे. पण निवृत्त झाल्यावर माणसेही काय काय करतात, ते मी पाहिले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. न गंजणाऱ्या पोलादाचा पत्रा गोल वळवून मला आकार दिला आणि अंगभर शेकडो छिद्रे पाडली. तेथून मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या नॉर्बी गावी व्हर्लिन मास्तरांच्या घरी आलो. मास्तर गावच्या शाळेत वर्कशॉप शिकवत. लाकूड कापणे, लोखंड जोडणे आणि दहाही बोटे शाबूत घेऊन घरी जाणे, हा त्यांचा अभ्यासक्रम. घरात त्यांच्या पत्नी इंगाबाई आणि मुलगी मारित. या तिघांचे कपडे मी एकोणीस वर्षे इमानाने धुतले. हरवलेल्या मोज्यांबद्दल मात्र कृपया मला विचारू नका.

एके दिवशी मशीनची मोटर जळाली. नवे मशीन घेऊन आलेली माणसे जुने उचलू लागली, तेव्हा मास्तर आडवे आले.

"मोटर गेली. ड्रमला काय धाड भरलीये?"

"पण नुसता ड्रम ठेवून करणार काय?" इंगाबाईंनी विचारले.

"लागतो कधीतरी."

इंगाबाई त्या माणसांना म्हणाल्या, "आमच्याकडे काही मरत नाही हो. सगळं गॅरेजमध्ये जातं."

मी गॅरेजमध्ये गेलो. एक तुटकी घसरगाडी आणि एक फुटकी होडी यांच्यामध्ये मी तीन वर्षे पडून होतो. तिसऱ्या वर्षी इंगाबाई वारल्या. त्यांचे ते म्हणणे त्यांच्या स्वतःच्या बाबतीत खरे ठरले नाही.

मारित तोवर शहरात राहू लागली होती, गाडीने दीड तासावर. आई गेल्यावर ती दर शुक्रवारी संध्याकाळी वडिलांकडे येऊ लागली. दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसत. मास्तर मुळातच मितभाषी. "रस्ता कसा होता?" असे ते विचारत. मग "जेवलीस?" मग "बरं." त्यानंतर घड्याळ बोले. मारित शहरात माणसांशी बोलण्याचेच काम करी, पण या टेबलाशी तिचीही वाचा बसे. असे सहा शुक्रवार गेले. सातव्या शुक्रवारच्या आधी मास्तर गॅरेजमध्ये आले आणि त्यांनी मला बाहेर काढले.

मित्रांनो, त्या आठवड्यात माझा पुनर्जन्म झाला. मास्तरांनी माझ्या काठाचे प्लास्टिकचे कडे काढून टाकले, कारण प्लास्टिक जळले की विषारी धूर होतो. चिकटलेले रबर खरवडले. खाली तीन पाय जोडले आणि वर ठिणग्या अडवायला जाळीचे झाकण केले. माझ्या छिद्रांतून हवा अशी छान खेळू लागली की त्यांनी दोन पावले मागे जाऊन माझ्याकडे पाहिले आणि "हं" म्हटले. शाळेत चाळीस वर्षांत हे "हं" केवळ तिघांना मिळाले होते.

आता प्रश्न राहिला मला ठेवायचे कोठे. आमच्या गावात घरामागे शेकोटी पेटवायची तर बंबखान्याचा परवाना लागतो. तेथून आणलेले नियमांचे पत्रक मास्तरांनी परीक्षेचा पेपर वाचावा तसे वाचले. आग तीन फुटांहून रुंद नको, तीन फुटांहून उंच नको. लाकूड वाळलेले हवे. पालापाचोळा आणि कचरा जाळायचा नाही. वारा सुटला असेल तर पेटवायची नाही. जवळ पाण्याची बादली आणि शुद्धीवर असलेला मोठा माणूस पाहिजे. धुराचा शेजाऱ्याला त्रास झाला तर लगेच विझवायची. आणि कोणत्याही इमारतीपासून शेकोटी पंचवीस फूट लांब पाहिजे.

आमचे परसू म्हणजे काही शेत नव्हे. मास्तरांनी पंचवीस फुटांची दोरी घेतली आणि घर, गॅरेज आणि शेजारच्या आर्डिसबाईंची अवजारांची शेड यांच्या प्रत्येक कोपऱ्यापासून गवतावर चुन्याचे अर्धगोल ओढले. परसू रांगोळीसारखे दिसू लागले. सगळे अर्धगोल टाळून एकच जागा उरली, परातीएवढी. ती नेमकी इंगाबाईंच्या रूबार्बच्या वाफ्यात होती. रूबार्ब म्हणजे जाड, लाल, आंबटढाण देठांचे झाड. त्या देठांचा मुरंबा करतात. इंगाबाईंनी तो वाफा लग्नाच्या वर्षी लावला होता.

मास्तर बराच वेळ वाफ्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी मला वाफ्याच्या अलीकडे, गवतावर ठेवले. घर लांब होते, गॅरेज लांब होते, पण आर्डिसबाईंची शेड साडेबावीस फुटांवर आली. परवान्याच्या अर्जावर एक रकाना होता, "जवळच्या इमारतीपासूनचे अंतर". मास्तरांचे पेन त्या रकान्यावर थांबले. एक सूत चुकले तरी मुलांना सगळे काम पुन्हा करायला लावणारा तो माणूस. त्याने लिहिले, पंचवीस.

त्या शुक्रवारी मी प्रथम पेटलो. मारित आणि मास्तर शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले, दोघांचीही तोंडे माझ्याकडे. "रस्ता कसा होता?" झाले. "जेवलीस?" झाले. मग मास्तर ज्वाळांकडे पाहत एकाएकी म्हणाले,

"तुझ्या आईनं मला दोनदा नकार दिला होता."

मारितने हातातला कप गवतावर ठेवला.

"आपल्याकडे काहीही विचारलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो, हे कुणाला माहीत नाही? मला वाटलं, लग्नाला ते लागू नसेल. म्हणून तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. महिनाभर वाट बघून तीच आली वर्कशॉपमध्ये. म्हणाली, तुला मोजता येत नाही का रे?"

मारित हसता हसता रडली की रडता रडता हसली, ते मला नक्की कळले नाही. डोळ्यांत धूर गेला असेही ती म्हणाली.

"बाबा, हे कधीच सांगितलं नाहीत तुम्ही मला!"

"तू समोर बसतेस. समोर कुणी बसलं की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

तेव्हापासून दर शुक्रवारी मास्तर बोलू लागले. मारितला पस्तीस वर्षे जो बाप ठाऊक नव्हता, तो माझ्या उजेडात तिला हप्त्याहप्त्याने भेटू लागला. मी तिच्यासाठी नुसता ड्रम उरलो नाही.

चुका झाल्या नाहीत असे नाही. एकदा मारितने तळ्याकाठचे सुंदर गोल दगड आणून माझ्याभोवती रचले. पाण्यात राहिलेला दगड तापला की फुटतो. त्यांतला एक बंदुकीसारखा फुटला आणि त्याचा एक तुकडा थेट बटाट्याच्या सॅलडमध्ये जाऊन बसला. मास्तरांनी चमच्याने तो बाहेर काढला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "हा धडा शिकवायचा राहून गेला."

आर्डिसबाई कधी शेकोटीशी आल्या नाहीत. कुंपणावरून हात हलवत, लिंबाच्या वड्या देत आणि आत जात. वारा त्यांच्याकडे वळला की त्या वाळत घातलेले कपडे घाईघाईने काढत. मास्तर ओरडून विचारत, "आर्डिसबाई, धुराचा त्रास नाही ना होत?"

"छे, छे! उलट आवडतो मला," त्या उशीचा अभ्रा झटकत म्हणत.

आता माझ्या कौतुकाचा भाग सांगतो. तिसऱ्या वर्षी गावच्या बंबखान्यावर ड्वेन नावाचा नवा प्रमुख आला. हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. उन्हाळा लागताच त्याने गावभर एक पत्रक वाटले. त्यावर माझा फोटो होता, शेजारी बादली, मागे मास्तर. खाली लिहिले होते, "सर्व नियम पाळणारी आदर्श शेकोटी. नॉर्बीकरांनो, यांच्याकडून शिका."

मी हरखून गेलो. मास्तरांनी मात्र ते पत्रक वाचले आणि जेवण टाकले. दुसऱ्या दिवशी चर्चला गेले नाहीत. सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"हॅलो, बंबखाना? तिसऱ्या गल्लीत एक बेकायदा शेकोटी आहे. हो. नाव देतो, लिहून घ्या."

दहा मिनिटांत ड्वेन हजर.

"सर, तक्रार आलीये."

"माहितीये. मीच केली."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

ड्वेन पायरीवर बसला. "सर, अहो, परवाच गावभर तुमचा फोटो वाटलाय मी!"

"म्हणूनच."

"मग असं करू, मी काही ऐकलंच नाही. तुम्ही पंचवीस लिहिलं म्हणजे पंचवीस. उद्या मोजपट्टीच चुकली म्हणतील लोक."

"ड्वेन, टेप काढ."

त्याने टेप काढली. मास्तरांनी दुसरे टोक शेडीला धरले.

"ढिली सोडू नकोस. झोळ पडला की माप वाढतं."

"बावीस फूट सहा इंच," ड्वेन मान खाली घालून म्हणाला. "शाळेत याच टेपवरून नापास केलं होतं तुम्ही मला."

"काठावर पास केलं होतं. आज पैकीच्या पैकी. आता लिही."

ड्वेनने लिहिले. पंचवीस फूट होईपर्यंत परवाना बंद. माझ्यावर झाकण पडले.

मित्रांनो, त्यानंतरचे चार शुक्रवार माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. मारित येई. पुन्हा ते टेबल, पुन्हा समोरासमोर. "रस्ता कसा होता?" "बरा." "जेवलीस?" "हो." "बरं." खिडकीतून मला दोघांच्या सावल्यासुद्धा गप्प दिसत. पावसाने माझ्या तळाच्या राखेचा चिखल झाला आणि झाकणाच्या फटीतून शिरून त्यात एक बेडूक राहू लागला. तोही फारसा बोलत नसे.

पाचव्या शुक्रवारी मारित आली ती टेबलाशी बसलीच नाही. तिने गॅरेजमधून कुदळ घेतली आणि रूबार्बच्या वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली. मास्तर मागोमाग धावले.

"मारित, ते तुझ्या आईचं आहे."

"आई गेली, बाबा. मला तुम्ही बोलायला हवे आहात. या देठांशी नाही बोलता येत मला."

"उन्हाळ्यात उपटलं तर मरेल ते."

"आणि नाही उपटलं तर तुम्ही उन्हाळाभर 'बरं' म्हणत बसाल!"

दोघेही हट्टी. कुदळीच्या दांड्याला दोघांचेही हात. एवढ्यात कुंपणापलीकडून आर्डिसबाईंचा आवाज आला, "मुरंब्याला देठ हवेत का? कुदळीनं नका काढू हो. हातानं पिळून काढायचे असतात." हातात लिंबाच्या वड्यांचे ताट होते. भांडण ऐकून त्या निघाल्या असणार. पण भांडण ऐकले असे म्हणण्यापेक्षा वड्यांचे ताट पुढे करणे आमच्या गावात सोपे जाते.

मग मारितने असे काही केले की जे नॉर्बीत कोणी करीत नाही. तिने सरळ विचारले.

"काकू, तुमची शेड अडीच फूट पलीकडे सरकवता येईल का?"

मास्तरांचा चेहरा माझ्या निखाऱ्यांसारखा झाला. "नाही, नाही! आर्डिसबाई, तिचं काही मनावर घेऊ नका. शहरात राहते ती. शेड आहे तिथे छान आहे. मीच बांधलीये, मीच जागा बघून."

"हो ना," आर्डिसबाई म्हणाल्या. "तुम्हीच बांधलीत. फार उपकार झाले." ताट त्यांनी या हातातून त्या हातात घेतले. "तसा माझा काही हट्ट नाही. म्हणजे सरकवली तरी चालेल. न सरकवली तरी चालेल."

"म्हणजे काय, काकू?"

"म्हणजे," आर्डिसबाईंनी मोठा श्वास घेतला, "नऊ वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसती ती शेडच दिसतेय! मास्तरांनी एवढी मेहनत घेऊन बांधली, त्यांना कसं सांगू, की बाबा रे, चुकीच्या जागी बांधलीस? आणि तीन वर्षं झाली, तुम्ही इकडे हसताय, बोलताय, आणि मला शेकोटीचा काय तो धूर मिळतोय. खिडकीतून आग एकदाही दिसली नाही!"

हे ऐकायला माझ्यातला बेडूकसुद्धा बाहेर येऊन बसला.

"तुम्हाला धूर आवडतो म्हणालात," मास्तर कसेबसे बोलले.

"मग काय म्हणू? बायको गेलेल्या माणसाला शेकोटी विझव म्हणू?"

"मी दर शुक्रवारी जास्तीचं एक लाकूड घालत होतो. तुम्हाला आवडतो म्हणून."

आर्डिसबाईंनी डोळे मिटले. मग त्या कुंपणाला धरून अशा हसल्या की दोन वड्या आमच्या बाजूला पडल्या.

शनिवारी सकाळी ड्वेन बंबखान्याचे चार गडी घेऊन आला. शेडीखाली जाड तुळया होत्या. त्यांच्याखाली लोखंडी नळ्या सारल्या, दोर बांधले आणि "हय्या" म्हणत शेड पलीकडे ढकलली. मास्तर मध्ये उभे राहून इंचाइंचाला हुकूम देत होते. ड्वेनने टेप ताणली. जराही झोळ पडू दिला नाही.

"पंचवीस फूट एक इंच."

"इंच कशाला?"

"सर, तीन वर्षांनी पुन्हा तुमच्या मनाला टोचलं तर? घ्या हाताशी."

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा पेटलो. आर्डिसबाई कुंपणाशी उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, "या ना, बसा."

"नको, नको. तुम्ही बापलेक बसा."

"या हो."

"छे, मला काम आहे थोडं."

आणि मास्तर, ज्यांनी याच गावात साठ वर्षे काढली, ते "बरं" म्हणून खुर्चीवर बसले! बिचाऱ्या आर्डिसबाई कुंपणाशी अडकून पडल्या. आत जाता येईना, बाहेर येता येईना. मी फटाफट ठिणग्या उडवल्या. आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो, पण काही वेळा फार बोलावेसे वाटते. शेवटी मारितने वडिलांच्या बरगडीत कोपर मारले. मास्तर दचकून उठले, गॅरेजमध्ये गेले आणि तिसरी खुर्ची घेऊन आले.

"आणलीच आहे," ते म्हणाले.

"आता आणलीच आहे तर," आर्डिसबाई म्हणाल्या आणि कुंपणाचे फाटक त्यांनी इतक्या झटकन उघडले की त्याची कडी निखळली.

असे आणखी तीन उन्हाळे गेले. मग एका फेब्रुवारीत माझ्या झाकणावरचा बर्फ कोणी झटकला नाही. मास्तर रोज सकाळी तो झाडूने झटकत. हिवाळ्यात मला काही काम नसते, तरी झटकत. आठ दिवसांनी मारित आली आणि तिने तो हातमोज्याने बाजूला केला. त्यावरून मला कळले.

परवाना मास्तरांच्या नावाचा होता; तो त्यांच्याबरोबर संपला. गेल्या वसंतात मारितने तो स्वतःच्या नावाने मागितला. अर्ज भरण्याआधी तिने चारही बाजूंनी मोजले, तिसऱ्या गल्लीचा सगळा इतिहास ठाऊक असलेल्या ड्वेनने टेपचे दुसरे टोक धरले, आणि आर्डिसबाईंनी शेडीची भिंत धरली, जणू ती मध्येच पळून जाणार होती.

मे महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी तिघे माझ्याभोवती बसले. परवाना होता, वाळके ओक होते, वारा पडलेला होता, बादली भरलेली होती. बोलणारा नव्हता. अर्धा तास नुसती लाकडे तडतडली. मला भीती वाटली की आता मी पुन्हा फक्त ड्रम होणार.

मग माझ्याकडे पाहत, कोणाकडेही न पाहता, मारित म्हणाली, "बाबा सांगायचे, ड्वेननं शाळेत एक स्टूल केलं होतं."

"झालं!" ड्वेनने कपाळावर हात मारला. "ते स्टूल काढलंत का सर जाऊनसुद्धा?"

"एक पाय आखूड झाला म्हणून यानं दुसरा कापला. मग तिसरा आखूड वाटेना म्हणून—"

"जमीन वाकडी होती वर्कशॉपची!"

"शेवटी त्याचा पाट झाला."

"तो पाट माझ्याकडे आहे," आर्डिसबाई म्हणाल्या. "शाळेच्या जत्रेत मांडला होता. कुणी घेईना, मला वाईट वाटलं."

"काकू! माझी आई पंचवीस वर्षं विचारतेय, तो घेतला कुणी!"

आणि मग तिघेही एकदम बोलू लागले. मारित सर्वांत जास्त. मास्तरांनी तीन खुर्च्यांना पुरतील एवढ्या गोष्टी तिच्याजवळ ठेवल्या होत्या, आणि तिला त्या सगळ्या पाठ होत्या.

दोघे घरी गेल्यावर मारित एकटी उरली. तिने माझ्या निखाऱ्यांवर बादलीतले पाणी हळूहळू ओतले, काठीने राख ढवळली, पुन्हा पाणी ओतले. मग वाकून तिने हाताची उलटी बाजू राखेवर ठेवली. जरा जास्तच वेळ ठेवली.

"गार आहे," ती मोठ्याने म्हणाली, जणू कोणीतरी विचारले होते.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझे दोन पाय वाकले आहेत आणि उरलेल्या आयुष्यात मला कोणाला भाजायचे नाही. म्हणून एवढेच मागणे आहे. शेकोटी पेटवाल तेव्हा टेप ताणून धरा. ओले लाकूड घालू नका. शेजाऱ्याला धुराचे विचाराल तर तीनदा विचारा. राख हाताला गार लागल्याशिवाय उठू नका. आणि कोणी ज्वाळांकडे पाहत बोलायला लागले असेल, तर ते संपेपर्यंत बादलीला हात लावू नका.